गारठ्यात धूमकेतू रेखाटायला कोणती दुर्बीण? १०×५० आणि १५×७० यांची झाडाझडती

धूमकेतूची बातमी आली की दुर्बिणींच्या चौकश्या सुरू होतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्यातल्या त्यात मोठी कोणती? हे परीक्षण दुसऱ्याच कसोटीवर केलेलं आहे. पारा शून्याच्या आसपास किंवा खाली, हातात हातमोजे, मांडीवर कागद, आणि दीड-दोन तास त्याच एका पुसट डागाकडे पाहत त्याचं चित्र काढायचं. अशा रात्री कोणती दुर्बीण शेवटपर्यंत साथ देते? सर्रास मिळणारे दोन प्रकार घेतले आहेत, १०×५० आणि १५×७०, दोन्ही पोरो प्रिझमच्या (पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा रुंद अंतरावर असलेला नेहमीचा आकार). निकाल आधीच सांगून टाकतो. एकच घ्यायची असेल तर १०×५०, तीही ६.५ अंशांच्या आसपास दृष्टिक्षेत्र (एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा) असलेली, आणि ट्रायपॉडवर बसवून. १५×७० वाईट नाही, पण ती दुसरी दुर्बीण म्हणून.

अंगावरचे आकडे

दुर्बिणीवरचा पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा वस्तुभिंगाच्या, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाच्या, व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) बाहेर पडणाऱ्या झोताची जाडी मिळते, म्हणजे एक्झिट प्युपिल. १०×५० ची ५ मिमी, १५×७० ची ४.७, ७×५० ची ७.१, २०×८० ची ४. धूमकेतूचा कोमा, म्हणजे त्याच्या डोक्याभोवतीचं धुरकट वलय, हा पसरलेला उजेड. तो डोळ्याला किती उजळ दिसणार हे या जाडीवर ठरतं. त्यामुळे १०×५० आणि १५×७० यांत कोमा जवळपास सारख्याच तेजाचा दिसतो, फक्त दुसरीत दीडपट मोठा. ७×५० कागदावर सरस वाटते, पण वय वाढतं तशी बाहुली अंधारातही कमी उघडते. ती ५ मिमीवर थांबली असेल तर ७.१ मिमीच्या झोतातला बाकीचा प्रकाश बुबुळावर सांडतो आणि ती दुर्बीण ७×३५ असल्यासारखी वागते.

दृष्टिक्षेत्र बहुतेकदा '१००० मीटरवर ११४ मीटर' असं छापलेलं असतं. १७.५ ने भागलं की अंश मिळतात, म्हणजे इथे ६.५. स्वस्तातल्या बऱ्याच १०×५० मध्ये हाच आकडा ९२-९३ मीटर असतो, म्हणजे ५.३ अंश. छापील आकड्यावर भिस्त ठेवायची गरज नाही. सप्तर्षीतले क्रतू आणि पुलह, ध्रुवाकडे बोट दाखवणारे ते दोघे, एकमेकांपासून ५.४ अंशांवर आहेत. दोघे एकदम मावले आणि बाजूला थोडी जागा उरली, तर क्षेत्र कामाचं.

हा अंश-दीड अंश का महत्त्वाचा? रेखाटन करताना धूमकेतू कुठे आहे हे ओळखीच्या ताऱ्यांच्या आधाराने ठरवावं लागतं. क्षेत्र अरुंद असेल तर आधाराचे तारे चौकटीबाहेर जातात, मग दुर्बीण इकडून तिकडे हलवा, जागा हरवा, पुन्हा शोधा. उबदार खोलीत हे चालून जातं. बोटं आखडलेली असताना नाही. शिवाय शेपटी चार-पाच अंशांची असेल तर १५×७० च्या ४.४ अंशांत ती मावत नाही. तिचं टोक कुठे संपतं हे पाहायला टोकापलीकडचं रिकामं, काळं आकाशही त्याच चौकटीत हवं, तरच फरक कळतो.

४६पी/विर्तानेन हा धूमकेतू याचं चांगलं उदाहरण. डिसेंबर २०१८ मध्ये तो पृथ्वीपासून ०.०७८ खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) गेला. एकूण प्रत (तेजाचं माप; आकडा लहान तितकं तेज जास्त) चौथीच्या आसपास, म्हणजे ऐकायला चांगला ठळक. पण तो उजेड अंशभर पसरलेला होता आणि त्यामुळे अगदी फिका. जरा उजळ आकाशात अनेकांना तो सापडलाच नाही. अशा धूमकेतूला मोठं क्षेत्र आणि भोवती भरपूर काळोख लागतो.

१५×७० चा दिवस येतो तो धूमकेतू लहान आणि मंद असताना. वस्तुभिंगाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट, त्यामुळे सुमारे ०.७ प्रतीने अधिक मंद तारेही दिसतात. आठव्या-नवव्या प्रतीचा, तीन-चार कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोमा १०× ला ताऱ्यासारखा भासू शकतो, १५× ला तो डाग असल्याचं स्पष्ट होतं. कोम्याला एखादा तारा चिकटून असेल तर तो वेगळा काढायलाही हीच बरी. मोठ्या दुर्बिणींच्या चाहत्यांनी हेही लक्षात घ्यावं की जपानचे हौशी निरीक्षक युजी ह्याकुताके यांनी जानेवारी १९९६ मध्ये आपला प्रसिद्ध धूमकेतू २५×१५० ने शोधला खरा, पण ती स्टँडवरची तोफ. गळ्यात अडकवायची वस्तू नव्हे.

विकत घेताना लावायच्या तीन कसोट्या

एक, खरा व्यास. बऱ्याच दुर्बिणींत आतली प्रिझम किंवा कड्या लहान असतात आणि ५० मिमीच्या भिंगापैकी कडेचा भाग फुकट जातो. फोकस अनंतावर ठेवा, नेत्रिकेपासून वीतभर लांब एलईडी टॉर्च धरा आणि वस्तुभिंगासमोर अगदी जवळ कागद धरून त्यावर पडलेलं प्रकाशाचं वर्तुळ पट्टीने मोजा. ते ४२ मिमी भरलं तर ५० मिमीच्या तुलनेत ३० टक्के प्रकाश गेला. १५×७० मध्ये हेच वर्तुळ ६३ भरलं तर १९ टक्के. थोडी तूट सोसता येते. ४२ भरली तर ती १०×४२ आहे असं समजून किंमत ठरवा.

दोन, काच आणि लेप. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखा आणि नेत्रिकेतला उजेडाचा ठिपका पाहा. तो गोल आणि कडेपर्यंत सारखा असेल तर प्रिझम बॅक४ या चांगल्या काचेची. कडा करड्या होऊन ठिपका चौकोनी दिसला तर बीके७ या साध्या काचेची. लेपाचा हिशोब सरळ आहे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परतवतो. एका नळीत हवेला लागलेले दहा पृष्ठभाग धरले तर पलीकडे ६६ टक्के पोचतो. प्रत्येक पृष्ठभागावर बहुस्तरीय लेप असेल तर तोटा अर्धा टक्का, आणि पोचतो ९५. खोक्यावर नुसतं 'कोटेड' असेल तर किती पृष्ठभागांवर, हा प्रश्न दुकानातच विचारावा.

तीन, दोन्ही नळ्यांची समांतरता. दुर्बीण ट्रायपॉडवर, समोर ठळक तारा. उजव्या नेत्रिकेचं डायॉप्टर, म्हणजे त्या एकाच बाजूचा फोकस बदलणारी कडी, फिरवून त्या बाजूचा तारा गोल चकतीएवढा पसरवा. डाव्या डोळ्याला दिसणारा तीक्ष्ण तारा त्या चकतीच्या मधोमध बसायला हवा. चकतीच्या बाहेर पडला तर दुर्बीण परत करा. डोळे फार प्रेमळ असतात, दोन प्रतिमा आपसूक ओढून एक करतात. म्हणून नेत्रिकेपासून जरा मागे होऊन हळूहळू पुढे यावं आणि पहिल्या क्षणी काय दिसतं ते धरावं. आडवी चूक डोळे काही काळ निभावतात, वर-खालची मुळीच नाही. अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. १५×७० मध्ये हा दोष जास्त आढळतो, कारण नळ्या लांब, प्रिझम जड, आणि प्रवासातला एक दणका पुरतो.

थंडीत काय काय बिघडतं

सगळ्यात आधी बिघडतो फोकस. मधल्या चाकाचं वंगण गारठ्यात घट्ट होतं. चाक जोर लावून फिरवलं की नेत्रिका जोडणारा पूल एका बाजूला झुकतो, डावा डोळा नीट आणि उजवा बिघडलेला. दिवसा दुकानात हे कळत नाही. तपासायचं तर दोन्ही नेत्रिका आळीपाळीने अंगठ्याने दाबून पाहा. पूल हलत असेल तर थंडीत तो त्रास देणारच. दोन्ही नेत्रिका स्वतंत्रपणे फिरवायच्या दुर्बिणीत पूलच नसतो. ती सहसा नायट्रोजन भरून बंद केलेली असते, आतून धुरकटत नाही, आणि एकदा लावलेला फोकस जागचा हलत नाही. नुसतं रेखाटन करणाऱ्याने डोळे झाकून हीच घ्यावी. पण धूमकेतूची प्रतही मोजायची असेल तर तारे वारंवार पसरवावे लागतात, आणि तिथे मधलं चाक सोयीचं. दोन्हींचे गुण एकाच दुर्बिणीत मिळत नाहीत, काहीतरी सोडावं लागतं.

दुर्बीण घरातून बाहेर आणल्यावर धातू आकसतो आणि फोकस किंचित सरकतो. वीस-तीस मिनिटं तिला बाहेर ठेवा, मग फोकस लावा. डोळे अंधाराला सरावायलाही तेवढाच वेळ लागतो.

दुसरी आणि खरी डोकेदुखी नेत्रिकेवरची वाफ. ती कशी चढते हे नीट पाहण्यासारखं आहे. डोळा टेकवल्यावर सुरुवातीला सगळं लख्ख असतं. मग ठळक ताऱ्यांभोवती बारीकसं कडं येतं. ते कडं वाढतं, मंद तारे एकेक करून विझतात, आणि धूमकेतू मात्र मोठा झाल्यासारखा वाटतो. नवखा माणूस खूश होऊन मोठा कोमा काढतो. खात्री करायची सोपी खूण म्हणजे शेजारचा तारा पाहणं. त्यालाही तसाच कोमा फुटला असेल तर तो वाफेचा आहे.

वाफ येते दोन वाटांनी. ओल्या, उबदार डोळ्यातून आणि श्वासातून. तोंडावर मफलर गुंडाळला की श्वास वर वळून थेट नेत्रिकेवर जातो. मफलर हनुवटीखाली ठेवा आणि श्वास खाली सोडा. रबरी डोळकप डोळ्याला घट्ट चिकटवू नका, हवा खेळायला फट हवी. गारठ्यात हे रबर कडक होतं आणि दुमडल्या जागी चिरतं, त्यामुळे फिरवून वर येणारे कप टिकाऊ. चष्मेवाल्यांनी नेत्रिकेपासून डोळ्यापर्यंतचं अंतर, आय रिलीफ, १५ मिमीपेक्षा जास्त आहे का ते पाहावं. रुंद क्षेत्राच्या अनेक १०×५० इथे मार खातात, १०-१२ मिमीच देतात. नजर नुसती जवळची किंवा लांबची असेल तर चष्मा काढून फोकस लावणं उत्तम. दृष्टिवैषम्य (सिलिंडरचा नंबर) असेल तर चष्मा ठेवावाच लागतो, आणि मग वाफ यायला आणखी दोन काचा मिळतात.

उपाय म्हणून लोखंडाच्या भुकटीच्या गरम पुड्या चांगल्या. नेत्रिकेच्या नळीला एकेक पुडी इलॅस्टिकने बांधा, भिंगाला लागू देऊ नका. या पुड्यांना हवा लागते. वरून घट्ट प्लास्टिक गुंडाळलं तर थंड पडतात. दुर्बीण कोटाच्या आत ठेवून ऊब देण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. कोटाखालची हवा अंगाच्या घामाने दमट असते, थंड काचेवर ती लगेच बसते. मधल्या वेळेत नेत्रिकेवर झाकण ठेवलेलं बरं. आणि दहिवर काचेवर गोठलं तर रुमालाने पुसू नये, लेपावर ओरखडे जातात. रबरी फुंकणीने कोरडी हवा मारा, किंवा नळीभोवती हात धरून वितळू द्या.

वस्तुभिंगावर दव बसू नये म्हणून पुढे नळी लावायची. २-३ मिमी जाडीच्या फोमची, बाहेरच्या नळीवर गुंडाळून. १०×५० ला ८ सेंमी लांबी पुरते. १० सेंमी केली की ६.५ अंशांच्या क्षेत्राची कड काळवंडायला लागते, तेवढ्यासाठी २ सेंमीचा मोह टाळावा.

प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या दुर्बिणींबद्दल विचारणा होते म्हणून एवढंच: त्या हातात धरून अप्रतिम, पण बॅटरीवर चालतात. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात, लिथियमचे टिकतात. आणि रेखाटायला एक हात मोकळा लागतोच, म्हणजे स्टँड सुटत नाही.

स्टँड

१०×५० चं वजन ८०० ग्रॅम ते १ किलो, १५×७० चं १.४ किलोच्या आसपास. १०×५० पाच मिनिटं हातात धरता येते, १५×७० नाही. हातात धरून धूमकेतू शोधता येतो, काढता येत नाही, कारण कागदाकडे पाहून परत वर बघेपर्यंत जागा सुटलेली असते.

बहुतेक दुर्बिणींच्या पुढच्या बिजागरीत टोपणाखाली पाव इंची आटे असतात, त्यात एल आकाराचा कंस बसतो. धातूचाच घ्या. प्लास्टिकचा कंस १५×७० च्या वजनाला स्प्रिंगसारखा नाचतो. बसवल्यावर नळीला टिचकी मारा; दोन सेकंदांत प्रतिमा शांत झाली पाहिजे. ट्रायपॉडच्या पायांना वरच्या भागात फोम गुंडाळला तर उघड्या धातूला हात लागत नाही. तेल भरलेलं व्हिडिओ हेड गारठ्यात दगड होतं, साधं घर्षणाचं हेड बरं.

धूमकेतू ६० अंशांच्या वर असेल तर साध्या ट्रायपॉडखाली मान घालणं हा छळ आहे. तिथे समांतरभुज स्टँड (दुर्बीण वर-खाली केली तरी रोख तोच ठेवणारा) किंवा आरामखुर्ची आणि एकदांडी. खुर्चीत बसणार असाल तर पाठीखाली फोमची चटई हवी, पायांखाली तर हवीच. थंडी पावलांतून आधी चढते. इंग्लंडचे हौशी निरीक्षक जॉर्ज अल्कॉक यांनी मे १९८३ मध्ये घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून, १५×८० दुर्बिणीने धूमकेतू शोधला होता. गारठा चुकवायचा याहून चांगला मार्ग नाही, पण दुहेरी काचेच्या खिडकीतून ताऱ्यांची जी दशा होते ती पाहता तो कित्ता गिरवू नये.

कागद, शिसं, लाल दिवा

दुर्बिणीच्या परीक्षणात पेन्सिली कशाला, असं वाटेल. पण वरच्या सगळ्या गुणांची परीक्षा कागदावरच होते.

घरीच ए५ कागदावर वर्तुळ छापून ठेवा. ६.५ अंशांच्या दुर्बिणीला १३ सेंमी व्यासाचं, म्हणजे १ अंशाला २ सेंमी. ४.४ अंशांच्या १५×७० ला १३.२ सेंमीचं, १ अंशाला ३ सेंमी. हे प्रमाण पक्कं असेल तर नंतर पट्टीने शेपटी मोजता येते. कागद १५० जीएसएमच्या आसपास, किंचित खरखरीत. गुळगुळीत कागदावर शिसं धरत नाही.

पेन विसरा. बॉलपेनची शाई घट्ट होते, जेलची गोठते. ०.५ चं शिसं हातमोज्यात मोडतं. २ मिमी शिशाची क्लच पेन्सिल किंवा साधी लाकडी, २एच आणि २बी, दोन्ही जाड दोऱ्याने पॅडला बांधलेल्या. अंधारात पडलेली पेन्सिल शोधायला दिवा लावला की डोळ्यांची अर्ध्या तासाची कमाई जाते. छाया पसरवायला कागदी स्टम्प, आणि मळता येणारा खोडरबर. हा रबर थंडीत खडूसारखा होतो, तो आतल्या खिशात ठेवा. हातमोजे दुहेरी: आत पातळ, वर बोटं उघडता येणारे जाड. कागद दवाने ओला झाला की शिसं घासलं जातं आणि स्टम्पने डाग पडतो, म्हणून पॅडवर प्लास्टिकचं झाकण.

काळ्या कागदावर पांढरा पेस्टल मोहक दिसतो, पण मैदानात त्याची दुरुस्ती होत नाही. खोडलेल्या जागी भूत उरतं. पांढऱ्यावर शिशाने काढावं, नंतर स्कॅन करून उलटं करावं. एक अडचण मात्र खरी: पांढरा कागद लाल दिव्यातही डोळ्यात भरतो. दिवा इतका मंद हवा की पेन्सिलीची रेघ जेमतेम दिसेल.

पहिल्यांदा क्षेत्रातले दोन-तीन ठळक तारे मांडा, मग त्यांच्या त्रिकोणांतून बाकीचे. सगळे नाहीत, दहा-पंधरा पुरे. धूमकेतूची जागा लगेच नक्की करा आणि शेजारी वेळ लिहा, जागतिक वेळ. जवळून जाणारा धूमकेतू रेखाटन संपेपर्यंत सरकतो. सी/२०२२ ई३ (झेडटीएफ) हा धूमकेतू १ फेब्रुवारी २०२३ ला पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता तेव्हा तासाभरात त्याची जागा बदललेली उघड कळत होती. सुरुवातीला एकीकडे आणि शेवटी दुसरीकडे पाहून काढलेलं चित्र कुठल्याच क्षणाचं राहत नाही.

दिशा लावायला दुर्बीण न हलवता थांबा. तारे ज्या कडेने बाहेर जातात ती पश्चिम. खगोलीय विषुववृत्ताजवळ ४ मिनिटांत १ अंश सरकतात, ध्रुवाकडे बरेच हळू. उत्तर कडेला खूण करा; शेपटीचा कोन उत्तरेकडून पूर्वेकडे मोजतात.

आता कोमा. पेन्सिल थेट लावायची नाही. रद्दी कागदावर २बी ने काळा चौकोन घासा, स्टम्पचं टोक त्यात फिरवा, मग कोरडं होईपर्यंत तिथेच दोन-चारदा पुसा. उरलेली काजळी पुरेशी असते. धूमकेतूच्या जागेवर स्टम्प जवळजवळ वजन न देता टेकवा आणि मधून बाहेर वाटोळा फिरवत न्या. कड दिसली तर चुकलं. कोमा कुठे संपतो ते कळता कामा नये. मग नजर धूमकेतूवरून थोडी बाजूला, पंधरा-वीस अंश, टाकून पाहा. तिरक्या नजरेने तो आणखी पसरलेला दिसतो, तेवढाच बाहेरचा थर वाढवा. मधला गाभा शेवटी. तो किती घट्ट आहे त्याला ० ते ९ अंक देतात: ० म्हणजे सगळीकडे सारखा धूर, ९ म्हणजे ताऱ्यासारखा ठिपका. अंक ५ च्या खाली असेल तर २एच चा बारीक ठिपका सहसा काढू नये. चित्रात ठिपका आला की पाहणाऱ्याला तो केंद्रक, म्हणजे धूमकेतूचा घन गोळा, वाटतो.

कोम्याचा आकार ठरवायला आकाशातच पट्ट्या आहेत. वसिष्ठ-अरुंधती १२ कला. कृत्तिकांच्या दोन टोकांचे अॅटलास आणि इलेक्ट्रा सुमारे १ अंश. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे, टोकापासून टोकापर्यंत पावणेतीन अंश.

शेपटीसाठी ट्रायपॉडला हलकी टिचकी मारा. हलणारी पुसट गोष्ट डोळा लवकर पकडतो. तीन वेगवेगळ्या वेळी, त्याच दिशेने दिसली तरच काढा. छायाचित्रं आधी पाहिलेल्या माणसाला शेपटी हमखास दिसते, हिरवा रंगही. हा हिरवा द्विअणू कार्बनच्या उत्सर्जनाचा आणि खरा आहे, पण दुर्बिणीत बहुतेक धूमकेतू करडेच दिसतात. करडा दिसला तर करडाच काढावा.

प्रत मोजायची सिजविकची रीत दुर्बिणीला जमते. फोकसमधल्या धूमकेतूचं सरासरी तेज लक्षात ठेवा, मग जवळचे तारे त्याच्याएवढे पसरवून तुलना करा. धूमकेतू ५.२ आणि ६.० प्रतीच्या ताऱ्यांमध्ये, पहिल्यापासून त्यांच्यातल्या फरकाच्या तीन दशांशावर वाटला तर ५.२ + ०.३ × ०.८, म्हणजे ५.४. कोम्याचा आकारच चुकला असेल तर हा आकडाही चुकतो, म्हणून आकार आधी. स्वतंत्र फोकसच्या दुर्बिणीत एका डोळ्याने केलेलं चालतं, तसं नोंदीत लिहावं. कॉब्स या धूमकेतूंच्या नोंदसंग्रहासाठी तारीख दशांशात द्यावी लागते: १५ तारखेचे १८:०० म्हणजे १५.७५.

आवरताना

१०×५० मध्ये खटकणाऱ्या गोष्टी आहेत. रुंद क्षेत्राच्या बहुतेक दुर्बिणींत कडेच्या तिसऱ्या हिश्श्यात तारे पसरून पक्ष्यांसारखे दिसतात. तिथला तारा तुलनेला घेऊ नये आणि धूमकेतू मध्यात ठेवावा. स्वस्त दुर्बिणींत डायॉप्टरची कडी सैल असते, ती लावल्यावर चिकटपट्टीचा तुकडा मारला की प्रश्न मिटतो. सोबत आलेला पट्टा निरुपयोगी, झाकणं हरवणारी. १५×७० चं गाऱ्हाणं एकच पण मोठं: समांतरता दर हंगामात तपासावी लागते.

आत जाण्यापूर्वी, बाहेरच, दुर्बीण झाकणं लावून हवाबंद पिशवीत घाला. थंड काच एकदम उबदार खोलीत आली की हवेतला सगळा दमटपणा तिच्यावर बसतो; पिशवीत असेल तर तो पिशवीवर बसेल. दोन तास तरी उघडू नका. गरम पुड्या मात्र आधी सोडवा. रेखाटन त्या पिशवीत घालू नये. ते सपाट, उघडं वाळू द्यावं आणि त्याच रात्री शेजारी शब्दांत लिहावं: आकाश किती स्वच्छ होतं, कुठल्या ताऱ्यापर्यंत शेपटी गेली, कुठे नक्की नव्हतं. सकाळी स्कॅन करताना कागदावरचा एखादा डाग पुसायचा की धूमकेतूचा भाग म्हणून ठेवायचा, हे त्या चार ओळीच सांगतात.